दिवाळीनंतरचे अकरा

पहिल्या सत्राची परीक्षा संपली की विट्याच्या स्टँडवर एका विशिष्ट प्रकारचं सामान दिसायला लागतं. एक चाकांची बॅग, विमानात शोभेल अशी. तिच्या दांड्याला बांधलेली एक कापडी पिशवी, ती मात्र बैलगाडीतच शोभेल अशी. पिशवीत ज्वारीचं पीठ, कांदा-लसणाची चटणी, शेंगदाण्याचं कूट आणि चुलतीनं शेवटच्या क्षणी कोंबलेलं काहीतरी तेलकट. शेजारी विशीच्या आतबाहेरचा एक मुलगा, कानात वायर घालून. तो दिवाळीसाठी वडिलांच्या दुकानाकडे निघालेला असतो. दुकान त्रिशूरला असतं, हावड्याला असतं, गुवाहाटीला असतं. विट्यात फक्त घर असतं.

मी आता निवृत्त आहे. सकाळी पेपर आणायला स्टँडवर जातो. पेपर घरीही येऊ शकतो, पण मग मी कुठे जाणार? यंदा अशाच एका पिशवीच्या तोंडातून कांदा-लसणाचा वास आला, आणि मला फुटबॉल आठवला. या दोन गोष्टींचा संबंध जगात इतरत्र कुठे लागत असेल असं वाटत नाही.

आमच्या भागातली बरीच घरं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. इथल्या कोरड्या रानानं पोटाला पुरेसं दिलं नाही, म्हणून कुणाचा तरी आजा कधीतरी गाडीत बसला, आणि आता देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात मागच्या गल्लीत विचारलं तर आमच्या तालुक्याचा माणूस भेटतो. त्यांची मुलं तिकडेच जन्मतात, तिकडच्या शाळेत जातात आणि कॉलेजला मात्र विट्याला पाठवली जातात. कारण जमीन इथे, देव इथे, आणि लग्नं इथेच जमतात.

मी इतिहास शिकवायचो. वर्गात ही मुलं लगेच ओळखू यायची. त्यांची गावाकडची बोली इथे वाढलेल्या मुलांपेक्षा जुनी असायची. इथली मुलं टीव्ही आणि मोबाइल ऐकून गुळगुळीत बोलायला लागली होती. त्रिशूरला वाढलेल्याच्या तोंडात मात्र त्याच्या आज्याचं मराठी जसंच्या तसं राहिलेलं. ‘कवा’, ‘तवा’, ‘व्हय’, ‘न्हाई’ सगळं शाबूत, बरणीतल्या लोणच्यासारखं मुरलेलं.

आणि ती फुटबॉल खेळायची. केरळात आणि बंगालात तो गल्लीबोळात खेळतात, त्यामुळे त्यांच्या पायात तो आपोआप आलेला. विटा कुस्ती-कबड्डीचं गाव. त्या गावच्या कॉलेजात दरवर्षी जूनमध्ये उत्तम फुटबॉलपटू दाखल होत होते आणि हे कुणाच्याच कर्तृत्वाशिवाय घडत होतं. मुलं खेळायची म्हणून संघ होता. संघ होता म्हणून तो जिमखाना समितीखाली होता. आणि समितीचा अध्यक्ष मी होतो, कारण अध्यक्ष निवडायच्या बैठकीला मी गैरहजर होतो.

या संघाचा आजार एकच होता. दिवाळी. धनत्रयोदशीला सोन्याच्या बाजारात माणसं लागतात, पाठोपाठ लग्नसराई. मुलं दुकानात मदतीला जात आणि तिकडेच राहत. कुणी नकार देत नसे, कुणी भांडत नसे. ‘येतो सर, दोन दिवसांत येतो’ असं फोनवर सांगत आणि थेट दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला उगवत. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा मात्र बरोबर दिवाळीनंतर. मग आम्ही कबड्डीची मुलं घेऊन अकराचा आकडा भरायचो. ती चेंडूपेक्षा माणूस पकडण्याकडे जास्त लक्ष देत. पहिल्याच सामन्यात आम्ही बाहेर पडत असू आणि जेवायला वेळेत घरी पोचत असू.

अशा संघाला एका वर्षी नवीन मुख्य प्रशिक्षक आल्या. रुक्साना शिकलगार, मूळच्या आष्ट्याच्या.

आमच्या मैदानावर पक्कं बांधकाम एकच आहे, ते म्हणजे व्यासपीठ. सिमेंटचं, वर पत्र्याची शेड, मागे देणगीदारांच्या नावांची फरशी. गोलपोस्ट तेव्हा बांबूचे होते. यावरून संस्थेला खेळापेक्षा काय जास्त टिकाऊ वाटतं ते कळायला हरकत नाही. मॅडम आल्या त्या दिवशी या व्यासपीठावर त्यांचा सत्कार ठरला होता. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब शाल, श्रीफळ आणि फेटा घेऊन हजर. नानासाहेब माणूस वाईट नाही. त्यांना फक्त माइक दिसला की राहवत नाही. मॅडम ट्रॅकसूटमध्ये, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, बुटांना चिखल. बहुधा सत्काराच्या आधीच त्या मैदानाला एक चक्कर मारून आल्या होत्या.

त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “साहेब, शाल नको. मैदानाला पाणी मारायला पाइप द्या.”

माइक सुरू होता. शाल उघडली गेली होती, आणि उघडलेली शाल परत घडी करून ठेवणं आमच्याकडे अशुभच. नानासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ती माझ्या खांद्यांवर घातली. टाळ्या पडल्या. ती शाल अजून घरात आहे, चांगली ऊबदार आहे.

त्याच भाषणात नानासाहेबांनी मॅडमना हसत हसत बजावलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. दिवाळीनंतर या संघाची स्वतःची अकरा पोरं मैदानात उभी दिसली, तर पुढच्या वर्षाचं बघू. नाही दिसली, तर फुटबॉल बंद, कबड्डीला मॅट घेऊ. मॅडमनी मान हलवली. मी शेजारी शाल पांघरून उभा होतो आणि मनातल्या मनात मॅट कुठल्या खोलीत ठेवायची ते ठरवत होतो.

त्या सत्रातल्या सकाळी मला एकामागून एक अशा आठवत नाहीत, एकदम आठवतात. दवानं भिजलेलं गवत, त्यात बुटांनी ओढलेल्या काळ्या रेघा. लांबच्या डोंगरावर पवनचक्क्या, वारा नसला की विचारात पडल्यासारख्या थांबलेल्या. गावातल्या यंत्रमागांचा खटखटाट. तो इतका अखंड असतो की बंद पडला तरच ऐकू येतो. आणि चेंडू पायाला लागल्याचा तो ओला, भरीव आवाज. मला ऑफसाइड हा प्रकार आजतागायत कळलेला नाही. पण त्या आवाजासाठी मी रोज चहाचा थर्मास घेऊन व्यासपीठाच्या पायरीवर बसायला लागलो. समितीचा अध्यक्ष जातीनं लक्ष घालतोय असं प्राचार्यांना वाटायचं. मी दुरुस्त केलं नाही.

पहिल्या आठवड्यात मैदानावर भाषांचा बाजार होता. गोलकीपर अभिजित त्रिशूरचा, तो मल्याळममध्ये ओरडायचा. पुढे खेळणारा ऋतुराज हावड्याचा, त्याला बंगालीत राग यायचा. बचावात बिरुदेव होता, आटपाडीकडच्या वाडीवरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याच्या मागून मल्याळम यायचं, पुढून बंगाली, आणि तो मधे उभा राहून दोघांना विचारायचा, “काय म्हंतोय त्यो?” तेवढ्यात गोल झालेला असायचा.

मॅडमनी हुकूम काढला. मैदानात फक्त गावाकडचं बोलायचं. घरी आज्जीशी बोलता तसं. सुरुवातीला मुलं लाजली. कॉलेजात ती भाषा लपवायची असते असा त्यांचा समज. पण मग अभिजितच्या तोंडून एक दिवस आपोआप निघालं, “मागं हाय गड्या, मागं! सोड की रं!” बिरुदेवानं सोडला. आज्ञा कळली की तो लय भारी खेळायचा. मेंढरं वळवणारा माणूस मागे न पाहता मागचं ओळखतो, असं काहीतरी मी त्याच्याविषयी मोठ्या कौतुकानं म्हणालो. तो म्हणाला, “सर, मेंढरं थोरला भाऊ बगतो. मी हॉस्टेलला आसतो.” तेव्हापासून मी माणसांविषयी सुंदर विधानं करण्याआधी विचारून घेतो.

एकदा शिरवळला गेलो होतो, तिथल्या एका कारखान्याच्या कामगारांच्या संघाशी खेळायला. शिफ्ट संपवून आलेली माणसं, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या पायात चपला, त्या बाजूला काढून बूट चढवलेले. त्यांनी आमच्या मुलांना अक्षरशः नाचवलं. त्यांच्यातला एक पोक्त बचावपटू केरळचा निघाला. सामना संपल्यावर तो आणि अभिजित बाभळीखाली बसून मल्याळममध्ये असे बोलत होते की जणू मामा-भाचे. परत येताना गाडी खंबाटकीचा घाट चढत होती. मग बिरुदेव म्हणाला, त्यांच्यातला एक टकलू तर पळतच नव्हता, तरी सगळीकडं तोच कसा? मॅडम पुढच्या सीटवरून म्हणाल्या, “रोज येतो त्यो. एकाच जागेवर, त्याच माणसांबरोबर, वर्षानुवर्षं. आणखी काय करत न्हाई.”

ते वाक्य मुलांना लागलं की नाही मला सांगता येणार नाही. मला लागलं. मी कॉलेजात तेच करत आलो होतो आणि कुणी त्याला खेळ म्हटलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली तसा मी अस्वस्थ झालो. मला आता हा संघ आवडायला लागला होता आणि आवडलेल्या गोष्टी दिवाळीनंतर परत येत नाहीत, हे मला माहीत होतं. मी मॅडमना सुचवलं की पालकांना फोन करू, प्राचार्यांच्या सहीचं काहीतरी पाठवू. त्या म्हणाल्या, नको. बापाला धंद्याच्या दिवसांत फोन केला तर बाप चिडणार, आणि चिडलेल्या बापापुढं पोरगं काय बोलणार? मुलांनाही त्या एकदासुद्धा ‘परत या’ म्हणाल्या नाहीत.

सुट्टी लागायच्या आदल्या सकाळी त्यांनी सामानाची खोली उघडली आणि संघाचं सगळं साहित्य मुलांत वाटून टाकलं. कॉलेजकडे दोनच जाळ्या होत्या, त्याच वर्षी घेतलेल्या. एक अभिजितला, एक ऋतुराजला. कोपऱ्यांवरची निशाणं एकाला, हवा भरायचा पंप दुसऱ्याला, दोऱ्या, शंकू, शिट्ट्या, प्रत्येकाला काही ना काही. घरी घेऊन जा, सांभाळा, येताना आणा. बस्स. बिरुदेव म्हणाला, मी कुठं जात न्हाई, मला काय? मॅडम म्हणाल्या, “तू हितंच हायस म्हणून चेंडू तुझ्याकडं.”

मुलं बुचकळ्यात पडून निघून गेली. मी मॅडमना म्हणालो की यानं काही होणार नाही. फार तर जाळ्या कुरिअरनं परत येतील.

त्या म्हणाल्या, “येऊ देत की. पण कुरिअरच्या दुकानात जाऊन त्यावर हितला पत्ता लिवायचा, याला पण जरा निबर काळीज लागतं सर.”

मला पटलं नाही. इतिहास शिकवणाऱ्याला सहसा काही पटत नाही. तो शेवट माहीत असलेल्या गोष्टी सांगत जगतो.

विटा दिवाळीत दोन प्रकारचं असतं. पेठेत गर्दी, आकाशकंदील, भुसनळे. आणि गलाईवाल्यांच्या आळीत मोठमोठी घरं, दाराला झेंडूची तोरणं, आत दोन म्हातारी माणसं. त्या दिवसांत मी सवयीनं मैदानावर जात राहिलो. मॅडम तिथे असायच्या. आष्ट्याला घरी जाऊन एका दिवसात परत आल्या होत्या. बिरुदेव चेंडूंचं पोतं खांद्यावर टाकून यायचा. एक चेंडू त्यानं वाडीवर नेला होता, तो बाभळीच्या काट्यानं बसला, त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं. दोघंच खेळायचे. त्या चेंडू मारायच्या, तो अडवायचा. एवढं मोठं मैदान, चुन्याच्या ताज्या रेघा, जाळ्या नसलेले गोल, आणि दोन माणसं. फराळाचा डबा मी व्यासपीठावर उघडून ठेवायचो. त्या व्यासपीठाचा तेवढा उपयोग मी आयुष्यात पाहिला.

मॅडम पुढच्या वर्षाचं काही बोलत नसत. घरी भावांचं धार लावायचं आणि पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. ऊसतोडीच्या हंगामात कोयते येतात, हिशेब बघायला माणूस लागतो, भाऊ बोलावत होते, एवढं मला कळलं होतं. विचारणं असं त्यांनी एकदाच विचारलं. लाडू मोडता मोडता, माझ्याकडे न बघता.

“येतील का वो सर?”

मी म्हणालो, लाडू बायकोनं केलाय, पाक जरा पुढे गेलाय, संपवा.

मुलं यायला लागली ती एकेक करून. आधी निशाणं आली, मग पंप. ऋतुराज हावड्याहून जाळी घेऊन आला. रेल्वेत शेजारच्या म्हातारीनं त्याला कोळ्याचा समजून मासळीचा भाव विचारला होता आणि त्यानं तिला रायपूर येईपर्यंत खरं सांगितलं नव्हतं. प्रत्येक जण मैदानाच्या फाटकातून आत यायचा तेव्हा मॅडम त्याच्या हातातली वस्तू घेऊन खोलीत जागेवर ठेवायच्या. त्यांचा चेहरा वळवलेला असायचा. बिरुदेव मात्र प्रत्येकाला विचारायचा, “फराळ आणलास न्हवं?”

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. आदल्या संध्याकाळी दहा जण होते. अभिजित नव्हता. म्हणजे गोलकीपर नव्हता आणि एका गोलला जाळीही नव्हती. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, “निघतोय, एक अडचण हाय.” ‘अडचण’ या शब्दानं पूर्वी किती संघ मोडले होते ते मला पाठ होतं.

सामन्याच्या सकाळी साताऱ्याचा संघ गाडी घेऊन आला. पंच आले, त्यांनी एका बाजूचा उघडा गोल पाहिला आणि जाळीशिवाय सामना होणार नाही म्हणाले. यजमानांना जाळी लावता आली नाही, तर सामना पाहुण्यांना द्यावा लागेल. विट्यात तिसरी जाळी नव्हती. व्हॉलीबॉलची दाखवली. पंचांनी ती सहानुभूतीनं पाहिली. तेवढ्यात अभिजितचा फोन आला: मिरजेला उतरलो, गाडी तासगावच्या पुढं आलीय.

मॅडम माझ्याकडे आल्या. उद्घाटनाचा कार्यक्रम त्यांनी महिनाभर भांडून रद्द करवला होता. नारळ फोडायचा आणि खेळायला लागायचं, भाषण नाही, असं ठरलं होतं. नानासाहेब त्यामुळे पहिल्या रांगेत जरा खट्टू होऊन बसले होते.

“सर, उद्घाटन करा. साहेबांना बोलू द्या.”

“किती वेळ?”

“जाळी येस्तोवर.”

पंच उद्घाटनाच्या मधे शिट्टी वाजवू शकत नाहीत. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. पण महाराष्ट्रात आजवर कुणी वाजवलेली नाही. मी नानासाहेबांच्या कानाला लागलो. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी पूर्वी त्यांच्या नातवाच्या बारशालाच पाहिला होता. ते बोलले. संस्थेची स्थापना झाली, आर्थिक अडचणी आल्या, त्यांवर मात झाली, पाण्याची योजना आली, खेळाडूवृत्ती म्हणजे काय हे आलं. दोन्ही संघ उन्हात रांगेत उभे. एरवी अशा भाषणात मी घड्याळ पाहतो. त्या दिवशीही पाहत होतो, पण त्यांनी थांबू नये म्हणून. त्यांच्या प्रत्येक ‘शेवटी एवढंच सांगतो’ला मी फाटकाकडे बघत होतो, आणि त्यानंतर ते पुढे बोलत राहिले की मला त्यांच्याविषयी अपार प्रेम वाटत होतं.

पण शेवटी तेही माणूस आहेत. घसा बसला, ते थांबले. फाटकात कुणी नव्हतं. आता आभार.

आभारप्रदर्शनाला मी आयुष्यभर मागच्या दारानं निघून जात आलो. माइक हातात घेतला आणि मी अध्यक्षांचे आभार मानले, प्राचार्यांचे मानले, पंचांचे, पाहुण्या संघाचे, त्यांच्या ड्रायव्हरचे मानले. मांडववाल्याचे आणि स्पीकरवाल्याचे मानले. चुना टाकणाऱ्याचे, पाणी मारायच्या पाइपचे देणगीदार म्हणून पुन्हा नानासाहेबांचे. साताऱ्याहून विट्याला येणाऱ्या रस्त्याचे मानले, ते मानणं कठीण होतं. बिरुदेव खालून दबक्या आवाजात नावं सुचवत होता. त्यानं आपल्या थोरल्या भावाचंही सुचवलं. मी त्याचेही मानले, मेंढरांसकट. पंच माझ्याकडे रोखून पाहायला लागले. मी पवनचक्क्यांकडे वळलो, आणि त्यांच्याविषयी काय बोलावं याचा विचार करत असताना फाटकातून रिक्षा आत आली.

अभिजित पोतं घेऊन धावत आला. पोत्यातून पाणी गळत होतं. जाळी ओलीचिंब.

मुलं जाळी बांधत असताना मी त्याला विचारलं, हे काय? तो धापा टाकत सांगत होता. दिवाळीभर जाळी दुकानाच्या कोपऱ्यात पडून होती. वडिलांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की आता परत जायचं नाही, थेट परीक्षेलाच जा. तोही गप्प बसला होता. मग परवा दुकान आवरताना वडिलांना पोतं दिसलं. कुणाचं हे? कॉलेजचं. वडील उठून उभेच राहिले.

“म्हणाले, दुसऱ्याची वस्तू हाय आन् तू दुकानात ठिवलीस? जा, देऊन ये. मी म्हटलं कुरिअर करतो. तर म्हणाले, आपल्यात लोकांचा माल कुणाच्या हातनं परत पाठवत्यात का? ज्यानं घेतला त्यानं द्यायचा.”

गलाईचा सगळा धंदा याच्यावर उभा आहे. अनोळखी सराफ सोनं हातात ठेवून जातो, आणि ते त्याच हातानं त्याला परत मिळतं. पण त्याच धंद्याचा दुसरा रिवाज आडवा आला. गलाईच्या दुकानातून कुठलीच वस्तू झाडल्या-धुतल्याशिवाय बाहेर जात नाही. फरशीवरच्या धुळीत सोन्याचे कण असतात. झाडलेला कचरा, पुसलेली फडकी, हात धुतलेलं पाणी, सगळं साठवून पुन्हा गाळतात. आठवडाभर फरशीवर पडलेली एवढी मोठी जाळी वडील तशीच कशी सोडणार? पिंपात घालून तीन पाण्यांतून काढली, पाणी राखून ठेवलं, आणि तोवर त्याची ठरलेली गाडी गेली. तिकीट वाया गेलं म्हणून त्यांनी स्वतः दुसऱ्या गाडीत बसवून दिलं.

मी मॅडमकडे पाहिलं. विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं?

त्या जाळीची गाठ मारत होत्या. “गलाईचं मला काय ठाऊक? पण आमच्या दुकानात पण लोकांचे कोयते आसतात सर. आब्बा एक दिवस जास्त ठिवायचे न्हाईत. मला वाटलं, कुटल्या तरी बापाला झोप लागणार न्हाई.”

सामन्याविषयी मी जे सांगेन त्यावर विसंबू नये. मला एवढंच आठवतं की अकरा जण उभे होते आणि सगळे आपल्या आज्यांच्या भाषेत एकमेकांवर ओरडत होते. त्रिशूरची जाळी पाहुण्यांच्या गोलला लागली होती. ऋतुराजचा चेंडू तिच्यात गेला तेव्हा उन्हात पाण्याचा एक बारीक फवारा उडाला, आणि गोल झाला हे मला त्या फवाऱ्यावरून कळलं. मग बराच वेळ बिरुदेव आणि अभिजित यांनी दुसरं काही होऊ दिलं नाही. आम्ही जिंकलो. कॉलेजच्या इतिहासात फुटबॉलचा पहिला विजय. मी तो विषय शिकवत होतो, म्हणून तारीख टिपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या एका संघानं आम्हाला हरवलं. चांगलंच हरवलं. त्यांचा संघ खरोखर भारी होता, आणि हरताना आमची मुलं जे खेळली ते पाहून मला वाईट वाटलं नाही. नानासाहेबांनाही नाही. त्यांच्या मते आदल्या दिवशी सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं भाषण त्यांनी केलं होतं आणि एकही माणूस उठून गेला नव्हता. पुढच्या वर्षीही स्पर्धा आपल्याकडेच, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, आणि मॅडमनी अमुकतमुक व्यवस्था करावी असंही. म्हणजे मॅडम राहणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मोठी माणसं माघार घेतात ती अशीच, चालता चालता. कबड्डीच्या मॅटला मी मनात जी जागा दिली होती ती मोकळी झाली.

त्या संध्याकाळी ऊन उतरलं होतं. साताऱ्याची, सांगलीची गाड्या भरून मंडळी निघून गेली होती. मांडववाला खुर्च्या एकात एक घालत होता. मुलं मैदानाच्या मधोमध बसलेली, बूट काढून, कुणी पाय चोळतंय, कुणी हावड्याच्या डब्यातलं शेवटचं काहीतरी खातंय. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. फार बोलणाऱ्या त्या नव्हत्याच. म्हणाल्या, चांगलं खेळलात. सीझन संपला. आता ज्याला जायचं त्यानं घरी जावा, दुकानात जावा, आईबापाला मदत करा. जून उजाडल्यावर बघू.

कुणी उठलं नाही. मॅडमना वाटलं मुलांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, सामने संपले.

अभिजितची बॅग अजून व्यासपीठाच्या पायरीवर माझ्या शेजारीच पडलेली होती. तो मिरजेहून आला तेव्हापासून ती नीट उघडलीही नव्हती. तो उठला, पँटची माती झटकली. मला वाटलं, आता बॅग घ्यायला येईल.

तो तिथूनच म्हणाला, “ते कळलं मॅडम. पण उद्या कवा यायचं?”

मॅडमनी ओढणीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

“सहाला,” त्या म्हणाल्या. “उशीर केलासा तर पळायला लावीन.”